आयुष्याची टक्केवारी काढणाऱ्यांना

‘शंभर गोष्टींची यादी करा, प्रत्येकीपुढे टक्के लिहा, दर रविवारी रात्री आकडे भरा, दहा वर्षांत आयुष्य मार्गी लागतं.’ लंडनच्या वायव्य कोपऱ्यातल्या मराठी घरांत हा उपदेश आता इतका मुरलाय, की त्यावर शंका घेणारा एक तर आळशी ठरतो, नाहीतर जळकुटा. स्टॅनमोर, हॅरो, केंटन, किंग्जबरी या पट्ट्यात राहणारे आम्ही बहुतेक आयटीतले, बँकांतले, इस्पितळांतले लोक. कामावर दिवसभर डॅशबोर्ड बघतो, तोच घरी आणला तर बिघडलं कुठे, असा साधा विचार. माझं म्हणणं, बरंच बिघडतं. आणि हे मी आकड्यांना घाबरून म्हणत नाही. मी हिशेब तपासनीस आहे; दुसऱ्यांच्या आकड्यांवर शंका घेण्याचेच मला पैसे मिळतात.

समोरच्यांची बाजू आधी नीट मांडतो, नाहीतर त्यांच्या तोंडी सोयीचे शब्द घालून तेच खोडल्यासारखं होईल. त्यांचे मुद्दे चार. लिहून ठेवलेली उद्दिष्टं पुरी होतात, हे म्हणे सिद्ध झालेलं आहे. जे मोजत नाही ते सुधारत नाही. ज्यांनी मोठं काही केलं, त्यांनी अशाच याद्या केल्या होत्या. आणि यादी नसली की माणूस वाहवत जातो. परदेशात तर फारच, कारण व्हिसा, घराचा हप्ता आणि मुलांची शाळा यांत वर्षं कधी सरतात ते कळत नाही.

यातला चौथा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. वाहवत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पेटी शिकायची म्हणून भारतातून बोटीने आणवलेली पेटी पोटमाळ्यावर पडून आहे, अशी घरंही पाहिली आहेत. माझं भांडण यादीशी नाही. ते यादीच्या उजव्या कोपऱ्यात लिहिल्या जाणाऱ्या त्या एका एकत्रित आकड्याशी आहे: ‘आयुष्य ४१ टक्के पूर्ण’. हा आकडा खोटा असतो, आणि खोटा आकडा रोज डोळ्यांसमोर ठेवला की माणूस त्याच्या कलाने वागायला लागतो.

आता ‘सिद्ध झालंय’ हे प्रकरण घेऊ. पुरावा म्हणून जी गोष्ट सांगतात ती अशी: येल विद्यापीठातून १९५३ साली बाहेर पडलेल्यांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती. २० वर्षांनी पाहिलं, तर त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली. ऐकायला फक्कड आहे. अडचण एवढीच, की असा अभ्यास झालाच नाही. १९९६ साली ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने ही गोष्ट व्यासपीठांवरून सांगणाऱ्या नामांकितांकडे तिचा उगम विचारला. त्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली, आणि येलकडे त्या अभ्यासाचा मागमूस नव्हता. तीच गोष्ट आता विद्यापीठ बदलून, हार्वर्ड आणि १९७९ असं नाव-साल लावून हिंडते. जगाला ‘मोजा, मोजा’ सांगणाऱ्यांनी स्वतःच्या पायाखालची वीट मात्र एकदाही ठोकून पाहिली नाही.

खरं संशोधन आहे, आणि ते त्यांच्या बाजूने अर्धं बोलतं. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी काही दशकं हे तपासलं: ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलं, तर काम चांगलं होतं. पण त्यात माणसासमोर एक काम असतं, ते करण्याची त्याची कुवत असते आणि कुठवर आलो हे त्याला कळत राहतं. पाच किलोमीटर धावायला शिकणाऱ्याने आठवड्याचा तक्ता भरावा, त्याला माझी ना नाही. पण एका धावण्याला लागू पडतं ते शंभर ओळींच्या अख्ख्या आयुष्याला आपोआप लागू पडेल, ही उडी संशोधकांनी मारलेली नाही. ती आपल्या व्याख्यात्यांनी मारली आहे.

‘जे मोजत नाही ते सुधारत नाही’ हे वाक्य कधी पीटर ड्रकर, तर कधी एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावावर खपवलं जातं. युद्धानंतरच्या जपानी कारखानदारांना दर्जा राखण्यासाठी संख्याशास्त्र कसं वापरावं ते शिकवणारे डेमिंग आकड्यांचे वैरी नक्कीच नव्हते. त्यांनी मात्र नेमकं उलट लिहून ठेवलंय: मोजता येत नाही ते सांभाळताच येत नाही, ही समजूत चुकीची आणि महागात पडणारी आहे. आणि इथल्याच बँक ऑफ इंग्लंडमध्ये काम करणारे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल बोलताना जे निरीक्षण मांडलं, ते आता त्यांच्या नावाने ओळखलं जातं: एखाद्या मापावर कारभार हाकायला लागलात, की ते माप विश्वासाचं राहत नाही. लोक मूळ काम सोडून मापाची सेवा करू लागतात.

ही सेवा कशी चालते, ते मी स्टॅनमोरमधल्याच एका घरी दिवाळीच्या फराळाला पाहिलं. यजमानांनी टीव्हीवर आपली शीट लावली. एकशे बारा ओळी, चार रंग, वर ठळक अक्षरांत ४१ टक्के. ‘नॉर्दर्न लाइट्स बघणं’ हिरवं. ‘हाफ मॅरेथॉन’ हिरवं. ‘आजीसारखी पुरणपोळी’ हिरवं. ते पाहून त्यांची बायको हसायला लागली.

‘अरे, एकदाच केलीस. तीही तव्यावर फाटली.’

‘केली ना पण? फोटो आहे माझ्याकडे.’

‘मग हिरवी कशी?’

‘जमली पाहिजे असं कुठे लिहिलंय? करणं, एवढंच लिहिलंय.’

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या उत्तरात अख्ख्या पद्धतीचं मर्म आहे. पुरणपोळी शिकायची म्हणजे डाळ किती शिजवायची, पुरण किती आटवायचं, कणीक किती सैल भिजवायची, हे हाताला कळेपर्यंत करत राहायचं. त्याला पंधरा-वीस पौर्णिमा लागतील. शीटमध्ये मात्र ते एका दुपारचं काम झालं, कारण ओळ हिरवी करायला तेवढंच पुरतं. आणि एकदा हिरवी झाली की दुसऱ्यांदा पुरण शिजवायला कारणच उरत नाही. यादी ज्या गोष्टीची आठवण म्हणून केली, ती गोष्ट यादीनेच संपवली.

त्या ४१ टक्क्यांच्या अंशात काय भरलंय हे कळलं. आता छेद बघू. यादीवाल्यांचं दैवत म्हणजे अमेरिकी भटक्या जॉन गोडार्ड. १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने १२७ उद्दिष्टांची यादी केली. १९७२ साली ‘लाइफ’ मासिकाने त्याच्यावर लिहिलं आणि तो यादीवाल्यांचा आद्य पुरुष झाला. माणूस खरोखर धाडसी. छोट्या होडीतून त्याने नाईल नदीचा प्रवास केला. पण ती यादी एकदा शांतपणे वाचून बघा. त्यात एव्हरेस्ट चढणं आहे, चंद्रावर जाणं आहे, मिनिटाला ५० शब्द टाइप करणं आहे, टारझनच्या सिनेमात झळकणं आहे, आणि लग्न करून मुलं होणं हेही आहे. टक्केवारीच्या हिशेबात यातल्या प्रत्येकाचं वजन एकच: १२७ पैकी एक, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास. बापपण पाऊण टक्का, टायपिंगही पाऊण टक्का. माझ्या धंद्यात घराची किंमत आणि खुर्चीची किंमत एका रकान्यात घालून ‘एकूण वस्तू दोन’ अशी बेरीज कुणी आणली, तर मी ते कागद परत पाठवतो.

बरं, छेद निदान स्थिर तरी असतो का? स्कॉटलंडमधल्या ३,००० फुटांहून उंच शिखरांची यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली छापली. तेव्हापासून ती पुरी करण्याचं वेड ब्रिटनमध्ये आहे, आणि आपल्या सह्याद्रीतल्या गडांची संख्या सांगत फिरणाऱ्यांना ते चांगलंच कळेल. नव्याने मोजणी झाली की शिखरं यादीतून गळतात. २०१२ साली एक गळलं आणि आकडा २८२ वर आला. म्हणजे डोंगर जागचा हलला नाही, चढणाऱ्याचे पाय तेच, तरी टक्केवारी बदलली. त्याहून मोठी गोष्ट: ती यादी सर्वांत आधी पुरी केल्याचा मान १९०१ साली रॉबर्टसन नावाच्या एका पाद्र्याला मिळाला. खुद्द मन्रो १९१९ साली वारले, तेव्हा त्यांची स्वतःची यादी अपुरीच होती. त्यांच्या आयुष्यातून काय उणं झालं? डोंगरांना आज त्यांचंच नाव आहे.

आपल्या लोकांना छेद बदलण्याचा अनुभव याहून कडू आहे. ‘हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम’वर आलेल्या भारतीयांना आधी चार वर्षांनी कायम वास्तव्य मिळायचं. एप्रिल २००६ मध्ये सरकारने चाराची पाच केली. ज्याने तीन वर्षं काढली होती, तो आदल्या दिवशी ७५ टक्के वाटेवर होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६० टक्क्यांवर आला. झोपेत पंधरा टक्के गेले. पुढे स्थलांतरितांच्या संघटनेने न्यायालयात लढून आधी आलेल्यांसाठी जुना नियम परत मिळवला, पण तोवर किती घरांत किती बेत मोडले त्याची मोजदाद कुणी केली? त्या लोकांकडून कष्टांत कसूर झाली नव्हती. आकडा मात्र त्यांच्याकडेच बोट दाखवत होता.

इथून मी त्या शीटमधल्या एका लाल ओळीकडे येतो. फराळाच्या वेळी यजमानांनी ती चटकन वर सरकवली होती. ‘आईबाबांना कायमचं इकडे आणणं. ० टक्के.’

इथल्या पन्नाशीतल्या बहुतेक मराठी माणसांच्या यादीत ही ओळ आहे. लिहिलेली असो वा नसो. जुलै २०१२ पासून या देशाचा नियम असा: आईवडिलांना कायमचं आणायचं, तर वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांना रोजच्या गोष्टींसाठी दीर्घकाळ देखभाल लागते, आणि ती देखभाल मायदेशी मिळतच नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करायचं. अर्जही ब्रिटनबाहेरूनच करायचा. म्हणजे लेक इथे चांगला कमावत असेल, तर पुण्यात बाई ठेवण्याइतके पैसे त्याच्याकडे आहेत, असं म्हणून त्याचं दार बंद. त्याची कमाईच त्याच्या आड येते. उरतो पाहुण्यांचा व्हिसा, एका खेपेला फार तर सहा महिने.

आता सांगा, ‘० टक्के’ हे या माणसाच्या वागण्याचं वर्णन आहे का? रोज संध्याकाळी तो फोनवर वडिलांच्या गोळ्या तपासतो. इथे रात्रीचा एक वाजलेला असताना तिकडच्या डॉक्टरांशी बोलतो. वर्षाच्या रजा साठवून जून महिन्यात पुण्याला जातो आणि पंधरा दिवस बँकेच्या रांगेत आणि दंतवैद्याकडे घालवतो. यातल्या एकाही गोष्टीला शीटमध्ये रकाना नाही, कारण यातली एकही गोष्ट ‘पूर्ण’ होत नाही. आईबापांची काळजी घेणं हे संपणारं कामच नव्हे. ते ‘आणणं’ या एका क्रियापदात कोंबलं, तिथेच त्याचं शून्य झालं. आणि दर रविवारी रात्री तो माणूस ते शून्य बघतो. ही शिस्त नव्हे, हा स्वतःचा विनाकारण छळ आहे. प्रेरणेच्या नावाखाली त्याला हे शिकवणाऱ्यांना मी दोषी धरतो.

‘मग प्रगतीवर लक्षच ठेवायचं नाही का?’ ठेवायचं. कसं ठेवावं याचा उत्तम धडा आमच्या स्टॅनमोरमध्येच आहे. इथल्या टेकडीवरच्या बेंटली प्रायरीत १९३६ पासून ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडचं मुख्यालय होतं, आणि १९४० च्या उन्हाळ्यात एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांनी ब्रिटनची लढाई तिथून चालवली. २०१३ पासून तिथे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखं. रडारकेंद्रांकडून दूरध्वनीवर येणाऱ्या खबरा तिथे चाळल्या जायच्या, जुळवल्या जायच्या आणि मग खालच्या तळांना कळवल्या जायच्या. हवाई दलाच्या अशा दालनांतलं घड्याळ बघण्याजोगं आहे. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे आणि निळे त्रिकोण रंगवलेले. काटा ज्या रंगावर असताना खबर आली, त्या रंगाची खूण टेबलावरच्या नकाशावर ठेवायची. काटा पुढे गेला की मागच्या रंगाच्या शिळ्या खुणा उचलून टाकायच्या. पाव तासापूर्वी विमान कुठे होतं याची खूण टेबलावर राहू देणं म्हणजे चुकीच्या दिशेला वैमानिक धाडणं.

फार कडक नोंदव्यवस्था होती ती. आणि तिचा पहिला नियम होता, शिळं ते उचला. कारण ते टेबल कौतुकाने बघत बसण्यासाठी नव्हतंच. आत्ता कोणती तुकडी कुठे पाठवायची, एवढा एकच निर्णय घेण्यासाठी ते होतं. आपल्या शीटमध्ये उलट चालतं. पंचविसाव्या वर्षी लिहिलेली ‘गिटार शिकणं’ ही ओळ पंचेचाळिसाव्या वर्षीही तांबारलेल्या डोळ्यांनी आपल्याकडे बघत असते. ती कुणी लिहिली, कोणाच्या नादाने लिहिली, आता तिचं काय, हे विचारायची सोय नाही. काढली तर टक्केवारीत लबाडी केल्यासारखं वाटतं, ठेवली तर अपराधी वाटतं.

त्याच लढाईतला दुसरा धडा गुणफलकाचा. १५ सप्टेंबर १९४० च्या मोठ्या चकमकीनंतर १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर झालं. त्या दिवसांत रस्त्यावरचे पेपरवाले असे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे फळ्यांवर लिहायचे. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं उघडली, तर खरा आकडा साठच्या आसपास निघाला. कुणी मुद्दाम खोटं बोललं असंही नाही. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, ते कोसळताना दिसलं आणि तिघांनीही ते आपल्या नावावर मांडलं. लोकांचा धीर टिकायला तो फुगलेला आकडा तेव्हा उपयोगी पडला असेल. पण डाउडिंग यांचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच हिशेबात: आपल्याकडे शिकलेले वैमानिक किती उरले. पाडलेल्यांचा फलक लोकांसाठी होता, उरलेल्यांचा हिशेब निर्णयासाठी. आमच्या घरगुती शीटमध्ये मी पाडलेल्यांचे फलक ढीगभर पाहिले. गुडघे किती उरले, आईबापांची वर्षं किती उरली, मुलगी घर सोडून विद्यापीठात जायला किती सुट्ट्या उरल्या, हा रकाना एकाही शीटमध्ये दिसला नाही.

यावर हुकमी एक्का म्हणून बेंजामिन फ्रँकलिनचं नाव काढलं जातं. त्याने १३ गुणांचा तक्ता केला होता, रोज नोंद ठेवायचा, हे खरं. पण पुढचं सांगत नाहीत. तो एका आठवड्यात एकाच गुणावर मुख्य भर द्यायचा. खूण करायचा ती चुकलेल्याची, जमलेल्याची नव्हे. आणि फेरी संपली की खुणा खोडून नव्याने सुरुवात करायचा. खोडून खोडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने ओल्या स्पंजाने पुसता येतील अशी हस्तिदंती पानं वापरली. पूर्णत्व आपल्याला कधी आलं नाही, हेही त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलंय. म्हणजे यादीवाल्यांचा हा साक्षीदार उलटतपासणीत आमच्या बाजूने बोलतो.

आणि फ्रँकलिनपर्यंत तरी का जायचं? मोजण्याची परंपरा आपल्या घरात आहे. सोळा सोमवार धरणारी बाई सोमवार मोजतेच. पण ती एकच व्रत धरते, सुरुवातीला संकल्प सोडते, अडचण आली तर तो सोमवार न धरता पुढचा धरते, आणि सोळा झाले की सतराव्या सोमवारी उद्यापन करून मोकळी होते. नव्या नवरीच्या मंगळागौरीही लग्नानंतरची ठरावीक वर्षं पुजून संपतात. मोजणीला सुरुवात आहे, मुदत आहे आणि शेवटी चार माणसांना जेवायला बोलावून ‘हे संपलं’ असं सांगणं आहे. आमच्या आधुनिक यादीत एकशे बारा संकल्प एकदम सोडायचे, आणि उद्यापन एकाचंही नाही. देवभोळ्या म्हणून ज्यांना आपण हसतो, त्या आज्यांचं मनुष्यस्वभावाचं ज्ञान आपल्या व्याख्यात्यांहून पक्कं होतं.

राहिला ‘मोठ्यांनी असंच केलं’ हा मुद्दा. दोन मोठी माणसं घेतो, दोघंही आपली. डॉ. आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेतलं, आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ साली एम.एस्‌सी., १९२३ साली डी.एस्‌सी. आमच्या जुबिली लाइनवर स्विस कॉटेजला उतरून किंग हेन्रीज रोडवर गेलं, की ते राहत होते ते घर आज स्मारक म्हणून बघायला मिळतं. आता मधल्या तीन वर्षांची शीट भरा. लंडनची पदवी: जैसे थे. टक्केवारीत हालचाल नाही, सगळं लाल. आणि त्याच काळात, जानेवारी १९२० मध्ये, ‘मूकनायक’ निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर निघालेल्या विद्यार्थ्याच्या कुठल्या यादीत हे असणार होतं? त्यांच्याकडे एका गोष्टीला मुदत होती, आणि बाकीच्या वेळात समोर येईल ते करण्याची मोकळीक होती.

दुसरे धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा माणूस, म्हणजे आकडेमोड त्यांना आपल्यापेक्षा चांगली येत होती. १८९६ साली विधवांसाठी आश्रम, १९०७ साली महिला विद्यालय. आणि मग वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, त्यातून १९१६ साली भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. त्यांच्या आयुष्याचं सर्वांत मोठं काम एका छापील पुस्तिकेतून आलं. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढतात. १९४४ साली समता संघ. पंधराव्या वर्षी मुरुडच्या त्या मुलाने १२७ कलमं लिहिली असती, तर यातलं एकही त्यात आलं नसतं. एक काम मन लावून केलं की त्याच्या पोटातून दुसरं निघतं. विधवांच्या आश्रमातून मुलींची शाळा, शाळेतून विद्यापीठ. टक्केवारीला हे दिसत नाही, कारण तिला छेद आधीच ठरवून लागतो.

शेवटचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तोच सगळ्यांत वजनदार आहे: ‘ओळी काढून टाकायची मुभा दिलीत, की आळशी माणूस सगळंच काढून टाकेल.’ काढू दे. पण कारण लिहून काढायचं, तारीख टाकून काढायचं आणि घरातल्या एका माणसाला सांगून काढायचं. करून बघा, लाल ओळ तशीच ठेवण्यापेक्षा हे फार जड जातं. बँका बुडीत कर्ज वर्षानुवर्षं जिवंत दाखवतात तेव्हा त्यांचा ताळेबंद देखणा दिसतो, आणि धोका नेमका तिथेच वाढतो. ‘हे आता वसूल होणार नाही’ असं लिहून सही करायला धैर्य लागतं, आणि ते लिहिल्यावरच उरलेलं भांडवल कुठे लावायचं हे सुचतं. ‘गिटार आता नको, बोटं दुखतात, आणि खरं तर मला गाणं ऐकायलाच आवडतं’ हे लिहिणारा माणूस पळपुटा नाही. बाकी, आळशी माणूस शीट ठेवतो तेव्हाही आळशीच असतो. फक्त त्याच्या आळसाला चार रंग येतात.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. यादी ठेवा, लांब हवी तर लांब ठेवा. एकत्रित टक्केवारीचा तो कोपरा मात्र पुसून टाका. मोजायचं ते एका वेळी एकच मोजा, मुदत घालून मोजा, आणि मुदत संपली की चार माणसं जेवायला बोलवा. आईबाप, मुलं, दोस्ती, तब्येत ही यादीतून उचलून वेगळी ठेवा. ती उद्दिष्टं नव्हेत, ती रोजची कामं आहेत, आणि ती केली की नाही हे त्या त्या माणसाला विचारलं तरच कळतं. सरकारच्या किंवा नशिबाच्या हातातली ओळ आपल्या नावावर लाल करून ठेवू नका. आणि वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, शिळ्या ओळी उचला.

यावर टक्केवारीवाल्यांनी जरूर उत्तर द्यावं. त्याआधी एवढंच सांगावं: तुमच्या शीटमधली एखादी ओळ, पूर्ण न करता, नीट विचार करून तुम्ही स्वतः शेवटची कधी काढून टाकली होती? तारीख आणि कारण देता आलं, तर पुढचा वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. ते देता येत नसेल, तर तुमच्या ४१ टक्क्यांवर सही करायला माझ्याकडे येऊ नका.